पत्ता कायम, फाइल अन्यत्र

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. गावे जागीच राहिली. पत्त्यातील जिल्हा बदलला. संकेतस्थळावर याच्या उलट साधता येते: फाइल हलली तरी पत्ता तोच राहतो.

वेब सर्व्हर पत्त्यातील मार्ग सामान्यतः मूळ निर्देशिकेत शोधतो. 'अपाची' सर्व्हरला 'एलियस' ही आज्ञा दिल्यास, उदाहरणार्थ, 'अक्राणी' या मार्गावरील कागद अन्य निर्देशिकेतून पुरविले जातात. त्या निर्देशिकेस वाचनाची परवानगीही द्यावी लागते; तीत केवळ सार्वजनिक कागदच असावेत.

अशी जोडणी न करता फाइल हलविल्यास ग्रामपंचायतीच्या फलकावरील पत्ता निरुपयोगी ठरतो. धडगावच्या अर्जदारास अर्जाऐवजी '४०४', म्हणजे 'सापडले नाही', एवढेच उत्तर मिळते. म्हणून स्थलांतरासोबत जोडणीही करणे आवश्यक होय.