फवाऱ्याच्या डब्याची झडप

डास मारायच्या फवाऱ्याचा डबा तुम्ही पाहिला असेल. बटण दाबले की फुस्स! बोट काढले की बंद. हे कसे होते बरे?

बटणाखाली एक पोकळ दांडी असते. दांडीच्या अंगाला बारीक भोक असते. त्या भोकावर रबराची चकती घट्ट बसते. दांडीखाली स्प्रिंग असते. तिच्या खालून एक नळी डब्याच्या तळापर्यंत जाते. ही सारी मिळून झडप.

डब्यात औषध आणि दाबून भरलेला गॅस असतो. बटण दाबले की दांडी खाली सरकते. भोक उघडे पडते. गॅस औषधाला रेटतो. औषध नळीतून वर चढते, दांडीत शिरते आणि बटणाच्या छिद्रातून तुषार होऊन उडते. बोट काढले की स्प्रिंग दांडीला वर लोटते. रबर भोक बंद करते.

आता कामाची गोष्ट ऐका. औषध संपले तरी थोडा गॅस आत उरतो. झडप त्याला कोंडून ठेवते. असा डबा चुलीत पडला, तर बार उडावा तसा फुटतो! म्हणून रिकामा डबासुद्धा जाळू नका, त्याला भोक पाडू नका. विस्तवाजवळ फवारू नका.

डब्यावर हे लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. वाचा, आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.