श्वासाच्या स्नायूंची तालीम

श्वासोच्छ्वास इतका सहज चालतो की, त्यामागे स्नायूंचे श्रम आहेत हे निरोगी माणसाच्या ध्यानीही येत नाही. फुप्फुसे स्वतः हवा ओढू शकत नाहीत. छाती आणि पोट यांमधील घुमटाकार स्नायू, म्हणजे मध्यपटल, आकुंचन पावून खाली उतरले की छातीची पोकळी वाढते व हवा आत शिरते. बरगड्यांमधील स्नायू त्यास साहाय्य करतात. खोकताना मात्र पोटाचे स्नायू जोराने आवळले जातात आणि हवेच्या झोताबरोबर कफ बाहेर पडतो.

या स्नायूंना मेंदूची आज्ञा पोचते ती मज्जारज्जूमधून. मध्यपटलाचे मज्जातंतू मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात. बरगड्यांचे व पोटाचे त्याहून खालून. म्हणून मानेच्या खालच्या भागात रज्जूस इजा झाली, तर मध्यपटल शाबूत राहते, पण इतर स्नायू लुळे पडतात. असा रुग्ण श्वास घेतो, परंतु त्याला जोराने खोकता येत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया जडतो. अशा रुग्णांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

मग उपाय कोणता? तुटलेला मज्जातंतू व्यायामाने सांधत नाही. परंतु उरलेले स्नायू बळकट करता येतात. यासाठी झडप असलेले एक लहानसे उपकरण तोंडात धरून रुग्ण श्वास ओढतो. ठराविक जोर लावल्यावाचून ती झडप उघडत नाही. प्रथम अवरोध बेताचा ठेवून तो हळूहळू वाढवितात. श्वास खोल झाला की खोकण्यासाठी हवाही अधिक मिळते.

उच्छ्वासासाठीही एक साहाय्यक उरतो. छातीच्या मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडास जोडलेला भाग असे रुग्ण हवा बाहेर टाकण्यास वापरतात, हे १९८६ मध्ये दाखविण्यात आले. त्यालाही तालीम देता येते.

२०१३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. तालमीने श्वसनस्नायूंचे बळ वाढते आणि कदाचित फुप्फुसांत मावणारी हवाही वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. लाभ माफक आहे. तालीम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावयाची असते, आणि खोकताना पोटावर तळहातांनी दाब देणारा साहाय्यकही लागतोच. तथापि, ज्याला साधा खोकलाही दुष्कर झाला आहे, त्याच्या दृष्टीने हे माफक बळही मोलाचे आहे.