‘सीनियर’ : एका विशेषणाचा अभ्यास

इंग्रजीतील जी विशेषणे आपल्या घरादारांत रुळली आहेत, त्यांत ‘सीनियर’ हे एक होय. सतवासच्या विद्यार्थ्यांना तर ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच भेटते. तुकोजीराव व जिवाजीराव पवार या बंधूंनी अठराव्या शतकात देवासचे राज्य स्थापिले. त्यांच्या वंशजांच्या दोन शाखांना मराठीत थोरली पाती व धाकटी पाती म्हणत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचीच नावे ‘देवास सीनियर’ व ‘देवास ज्युनियर’ अशी झाली.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध आणि ‘सीनियर’ म्हणजे अधिक वृद्ध. पोर्तुगीजांचा ‘सिन्योर’ आणि आपण वर्गात रोज उच्चारतो तो ‘सर’, हे दोन्ही त्याच मुळापासून फुटलेले कोंब होत.

आज या विशेषणाच्या मुख्य अर्थच्छटा तीन आहेत :

१. वयाने मोठा. ‘सीनियर सिटिझन’ म्हणजे ज्येष्ठ नागरिक.

२. नोकरीत वा अधिकारात वरचा. येथे वय पाहावयाचे नसते.

३. वरच्या इयत्तेतील.

या छटा एकमेकींत मिसळू नयेत. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा जन्म १८८८ चा, तर धाकट्या पातीचे मल्हारराव यांचा १८७७ चा. म्हणजे ‘सीनियर’ संस्थानाचे अधिपती वयाने धाकटे होते! ज्येष्ठत्व शाखेचे होते, व्यक्तीचे नव्हे.

आता प्रयोगाकडे वळू. मराठीतील ‘पेक्षा’ मनात धरून आपण ‘ही इज सीनियर दॅन मी’ असे लिहितो. ते अशुद्ध होय. तुलनेचा भाव शब्दाच्या पोटातच असल्याने त्यापुढे ‘टू’ येते : ‘ही इज सीनियर टू मी.’ अंतर सांगावयाचे असल्यास ‘ही इज टू इयर्स सीनियर टू मी’ असे म्हणावे. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांनाही हाच नियम लागू आहे.

‘सीनियर’ आणि ‘सुपीरियर’ यांतील भेदही ध्यानी ठेवावा. पहिला क्रम सांगतो, दुसरा श्रेष्ठता. देवासच्या दोन्ही पात्यांना पंधरा तोफांच्या सलामीचा सारखाच मान होता आणि १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. थोरलेपण जन्माने वा क्रमाने लाभते. थोरवी मात्र प्रत्येकाला स्वतःच मिळवावी लागते. शब्द अचूक वापरणाऱ्याला हा विवेकही आपोआप साधतो, असे आम्हांस वाटते.