एका यंत्रात अनेक बिऱ्हाडे

जुन्या वाड्याची रचना तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. छप्पर एक, आड एक, अंगण एक. चुली मात्र निरनिराळ्या. एकाच्या स्वयंपाकाची झळ दुसऱ्याला लागत नसे. अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणकातही अशीच व्यवस्था करता येते. ती कशी, हे येथे पाहावयाचे आहे.

आपल्या केलगेरी-धारवाड भागात मराठी व कन्नड शेजारी नांदतात, आणि एकाच संगणकावर दोन्ही भाषांची कामे येऊन पडतात. युनिकोडपूर्वीच्या काळात प्रत्येक टंकनिर्मात्याने अक्षरांचे क्रमांक आपल्या सोयीने ठरविले होते. त्यामुळे एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला, तर निरर्थक चिन्हेच दिसतात. आता समजा, जुन्या लेखांची आज्ञावली केवळ विंडोज एक्सपीवर चालते आणि नव्या अभ्यासक्रमाची आज्ञावली विंडोज ११ मागते. एकीला जागा द्यावी तर दुसरी उपाशी! जुनी काढून टाकावी, तर आजोबांनी जुळवून ठेवलेल्या आठवणी कायमच्या मुक्या होतात.

यावर उपाय आभासी यंत्राचा. हायपरव्हायझर नावाची आज्ञावली खऱ्या संगणकाची स्मृती, तबकडी व प्रक्रियक यांतून वाटा काढून त्याचा एक स्वतंत्र संगणक भासविते. त्यात पाहुणी कार्यप्रणाली राहते. बाहेरची यजमान होय. पाहुणीत काही बिघडले तरी यजमानाला सहसा धक्का लागत नाही. ही कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९६७ मध्ये एका मोठ्या यंत्रावर अनेकांना आपापले यंत्र असल्याचा भास करून दिला होता. घरगुती संगणकांवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली. व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती २००७ मध्ये निघाली.

प्रत्यक्ष हिशेब असा : संगणकाची स्मृती ८ जीबी असेल, तर एक्सपीला १ जीबी पुष्कळ होते; उरलेल्या ७ जीबीत यजमान सुखाने चालतो. मात्र आणखी दोन-तीन बिऱ्हाडे एकदम थाटली, तर सर्वच मंदावतील. नवी आज्ञावली घालण्यापूर्वी पाहुणीची 'स्थितिनोंद' करून ठेवावी. घोटाळा झाला, तर क्षणात पूर्वस्थितीला परतता येते. तरीही तबकडीच बिघडली, तर ती नोंदही जाते. म्हणून मजकुराची एक प्रत अन्यत्र असावीच.

आणखी दोन पथ्ये आहेत. एक्सपीला सुरक्षा-सुधारणा मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. सबब त्या पाहुणीला महाजालाची वाट बंद ठेवावी. तसेच पाहुणी कार्यप्रणालीही रीतसर परवान्याची असावी.

हे बिऱ्हाड जुन्या मजकुरासाठी थाटावे, जुना लेख त्यात उघडावा, त्याचे युनिकोडात रूपांतर करून घ्यावे आणि मुळाशी ताडून पाहावे. मग पुढच्या इयत्तेला तो वाचण्यासाठी जुन्या चुलीपाशी जावे लागणार नाही.