हिल्फुल फुजूल आणि आपली तरुण मुले

यमनमधील जबीदचा एक व्यापारी मक्केत आला. आस बिन वाइलने त्याचा माल घेतला आणि पैसे बुडवले. दाद मागावी तर त्या शहरात त्याचे कोणी नव्हते. अखेर तो अबू कुबैस डोंगरावर चढला आणि काबागृहाजवळ बसलेल्या कुरैशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपली कैफियत मांडली. ती ऐकून जुबैर बिन अब्दुल मुत्तलिब उठले. अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही घराण्यांची माणसे जमली आणि अन्यायग्रस्त मक्केचा असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहण्याचा करार झाला. हाच हिल्फुल फुजूल होय.

या बैठकीत प्रेषित मुहम्मद (स.) उपस्थित होते. चरित्रकार इब्ने सअद यांच्यानुसार तेव्हा त्यांचे वय 20 वर्षांचे होते. पुढे प्रेषितत्व लाभल्यावरही त्यांनी या कराराची आठवण अभिमानाने काढली. लाल उंट मिळाले तरी हा करार आपण सोडणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हा प्रसंग आपण न्यायाचा धडा म्हणून वाचतो. त्यातील वयाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आपल्या घरांतील वीस वर्षांच्या मुलाने वस्तीच्या कामात लक्ष घातले की, ‘आधी अभ्यास कर, नसत्या भानगडी नकोत’ असे आपण म्हणतो. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असते. तिच्यात वर्षाला 120 तासांची सेवा अपेक्षित असते. पण शिबिराच्या संमतिपत्रावर सही करताना कित्येक पालकांचा हात अडखळतो. मुलींच्या बाबतीत तर अधिकच. यामागे काळजी असते, हे मान्य. परंतु घरात बंद राहिल्याने मूल सुरक्षित राहते, हे गृहीतकच तपासून पाहावे लागेल.

कॅनडात दहावीच्या 106 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींनी दोन महिने दर आठवड्याला प्राथमिक शाळेतील मुलांसोबत सेवाकार्य केले. उरलेल्यांना प्रतीक्षेत ठेवले. सेवा करणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल आणि शरीरातील दाहाचे प्रमाण कमी आढळले. ज्यांच्यात परदुःखाची जाणीव अधिक वाढली, त्यांना लाभही अधिक झाला. 2013 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अमेरिकेतील नऊ हजारांहून अधिक तरुणांच्या एका अभ्यासात मतदान आणि स्वयंसेवा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य पुढील काळात तुलनेने चांगले दिसले. आंदोलनांत उतरलेल्यांच्या बाबतीत मात्र तसे दिसले नाही. उलट आरोग्यास घातक सवयी त्यांच्यात अधिक होत्या. याचे कारण त्या अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. माझा तर्क असा की, अन्यायाशी झुंजणे मनाला झिजवते आणि एकट्या तरुणाला तर फारच.

म्हणून मक्केची ती बैठक पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. जुबैर हे प्रेषितांचे (स.) सख्खे काका होते. वीस वर्षांचा पुतण्या तेथे एकटा नव्हता. घरातील वडीलधारे त्याच कामात होते. अन्यायाविरुद्ध बोलू नकोस असे मुलाला सांगण्याऐवजी त्याच्यासोबत नगरपालिकेत अर्ज घेऊन जाता येते. रस्त्यातील इजा करणारी वस्तू दूर करणे हीदेखील ईमानची शाखा आहे, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. मग मोहल्ल्यातील उघड्या गटाराची तक्रार घेऊन जाताना बापानेही बरोबर चालावे. मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची झाली असेल, तर मतदार नोंदणीचा नमुना 6 याच महिन्यात घरी, सर्वांनी मिळून भरावा.