विजेचे शब्द

आपल्या बीड जिल्ह्यात वीज निरनिराळ्या प्रकारे तयार होते. परळी वैजनाथला दगडी कोळसा जाळून, पाटोद्याच्या माळावर वाऱ्यावर आणि घरांच्या छपरांवर उन्हावर.

कोळसा जळला की संपला. शिवाय त्या केंद्राला पाणी फार लागते. २०१५ सालच्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. ऊन आणि वारा मात्र पुन्हा पुन्हा येतात. म्हणून त्यांना 'अक्षय ऊर्जा' म्हणतात. अक्षय म्हणजे न संपणारी.

आता मापे पाहू. नळाची धार केवढी, ते वॅट. हंड्यात पाणी किती साठले, ते युनिट. १००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. १ किलोवॅटचे यंत्र १ तास चालले की १ युनिट वीज लागते. १० वॅटचा दिवा १०० तास जळला, तरी १ युनिटच. बिल येते ते युनिटचे.

'क्षमता' हा शब्द नीट ध्यानात घ्या. १ किलोवॅट क्षमतेचे सौर तक्ते दिवसाला २४ युनिट देत नाहीत. कडक उन्हातच ते पुरते चालतात. रात्री काहीच नाही, आभाळ आले की कमी. सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात.

पैसे किती दिवसांत फिटतील? समजा, सरकारी अनुदान वजा जाता तुमचे ३०,००० रुपये गेले. वर्षाचे बिल ६,००० रुपयांनी उतरले. ३०,००० ला ६,००० ने भागा. ५ वर्षे आली. याला 'परतफेडीचा काळ' म्हणतात. कर्ज काढले असेल तर व्याजही धरा. विकणारा कितीही गोड बोलो, हा भागाकार आपला आपण करावा.

पवनचक्कीसाठी कोणी जमीन मागायला आले, तर कागदाचे नाव आधी वाचा. 'भाडेपट्टा' असेल तर जमीन आपलीच राहते, मुदत संपली की परत मिळते. 'खरेदीखत' असेल तर ती गेली. मुदत किती वर्षांची, भाडे किती, दरवर्षी वाढणार का, रस्त्याला जागा किती जाणार, हे सारे कागदावरच हवे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

पूर्वी आपण अंगठा उठवून मोकळे होत होतो. आता सही येते. पण सहीच्या आधी वाचता येते, हे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.

उजळणी
१. ५०० वॅटचे यंत्र ४ तास चालले. किती युनिट वीज लागली?
२. भाडेपट्टा आणि खरेदीखत यांत फरक काय?
३. घरचे वीजबिल आणा. त्यातला युनिटचा आकडा शोधा.