निवणे आणि निवळणे

निबंधाच्या वहीत हमखास आढळणारे वाक्य म्हणजे 'आईचा राग निवळला.' बोलताना ते खपून जाते. पण राग निवतो की निवळतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे.

निवणे हे उष्णतेशी जोडलेले क्रियापद आहे. बशीत ओतलेला चहा निवतो. तापवलेले दूध कोमट होईपर्यंत निवल्याशिवाय आई विरजण लावत नाही. यावरूनच तापलेल्या मनाचा राग निवतो, बऱ्याच दिवसांनी मुलगा दिसला की डोळे निवतात. शब्दाचे मूळ संस्कृत 'निर्वा' म्हणजे विझणे, शांत होणे. 'निर्वाण' हा शब्दही त्यातलाच. म्हणजे बशीतला चहा आणि भगवान बुद्धांचे निर्वाण हे भाषेच्या घरात भाऊबंद! ज्ञानेश्वरीत निवणे, निवविणे ही रूपे जागोजागी भेटतात. गंमत अशी की आपल्या शेजारच्या कन्नडातही 'आरु' हे एकच क्रियापद दिवा विझणे आणि चहा निवणे या दोन्हींसाठी चालते. मुळे मात्र वेगळी.

निवळणे आले 'निर्मळ'वरून. त्याचा संबंध पाण्याशी. पावसाळ्यात मार्कंडेय नदीचे पाणी गढूळ होते. ते घागरीत स्थिर ठेवले, तुरटी फिरवली, की गाळ खाली बसून वरचे पाणी निवळते. पूर्वी यासाठी एका झाडाचे बी वापरत. त्याचे नावच निवळी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हे दोन्ही शब्द स्वतंत्र दिले आहेत.

निवळलेल्या पाण्यातला गाळ कुठे जात नाही, तळाशीच असतो. घागर हलली की पुन्हा गढूळ. म्हणून 'तणाव निवळला' ही बातमी नीट वाचावी. सीमाभागातल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ती अनेकदा वाचली आहे. खडेबाजारातली दुकाने उघडली, रहदारी सुरू झाली, एवढेच ती सांगते; लोकांची मने निवली असे सांगत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता योग्य रूपे भरा.

१. विहिरीचे पाणी अजून ______ नाही.
२. भात जरा ______ की डबा भर.
३. भांडणानंतर दोघे भाऊ एका पंगतीला बसले. घरचे वातावरण ______, पण धाकट्याचा राग काही ______ नव्हता.